चुनखडक होता, डोलोमाइट कसा झाला?

२०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकचं यजमानपद मिलानबरोबर कोर्तिना दाम्पेत्सो या इटलीतल्या छोट्या गावाकडे आलं. या गावाभोवतीच्या फिकट, सरळसोट उभ्या कड्यांच्या डोंगररांगेला डोलोमाइट्स म्हणतात. २००९ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यांची माहिती देताना एक वाक्य हमखास येतं: हे डोंगर म्हणजे प्राचीन प्रवाळभित्ती आहेत. वाक्य बरंचसं खरं आहे, पण ते अर्ध्यावरच थांबतं. जीवांनी बांधलेली भित्ती चुनखडकाची असते. आज तिथे चुनखडक थोडाच उरला आहे आणि बहुतेक कडे डोलोमाइट नावाच्या वेगळ्याच खडकाचे आहेत. हा बदल कसा झाला, या प्रश्नावर भूवैज्ञानिक दोनशेहून अधिक वर्षं डोकं लावत आहेत.

पुण्यात राहणाऱ्याला हे सगळं परकं वाटणं साहजिक आहे. आपला सिंहगड, तोरणा, कात्रजचा घाट हे सारे लाव्ह्याच्या थरांचे. समुद्रातल्या जीवांनी उभारलेला एकही डोंगर आपल्या आसपास नाही. म्हणून अगदी पायापासून सुरुवात करू.

डोलोमाइट म्हणजे नेमकं काय?

चुनखडकात मुख्य खनिज असतं कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. डोलोमाइट या खनिजात अर्ध्या कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम असतं. पण त्यांची नुसती मिसळ झालेली नसते. स्फटिकात कॅल्शियमचा एक थर, मग कार्बोनेटचा, मग मॅग्नेशियमचा, पुन्हा कार्बोनेटचा, अशी काटेकोर आलटून पालटून रचना असते. या शिस्तीवर पुढचं सगळं कोडं उभं आहे, म्हणून ती लक्षात ठेवा. शुद्ध डोलोमाइटमध्ये वजनाने सुमारे ५४ टक्के कॅल्शियम कार्बोनेट आणि ४६ टक्के मॅग्नेशियम कार्बोनेट भरतं. मुख्यतः या खनिजाच्या बनलेल्या खडकालाही डोलोमाइटच म्हणतात.

डोळ्यांनी पाहून दोन्हींत फरक करणं अवघड असतं. डोलोमाइट किंचित जड असतो: कॅल्साइटची घनता २.७१, तर याची साधारण २.८५. कठीणपणातही तो जरासा वरचढ. खरा फरक आम्लात दिसतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की चुनखडक लगेच फसफसतो आणि डोलोमाइट जवळजवळ गप्प राहतो. फ्रेंच भूवैज्ञानिक देओदा द दोलोमिय यांनी आल्प्सच्या परिसरात नेमकं हेच टिपलं आणि १७९१ मध्ये प्रसिद्ध केलं. खडकाला त्यांचं नाव मिळालं आणि पुढे ते डोंगरांनाही चिकटलं.

भित्ती कोणी बांधली?

आज इटलीच्या उत्तर भागात जिथे हे डोंगर आहेत, तिथे सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक कालखंडात, टेथिस महासागराच्या पश्चिम टोकाचा उबदार समुद्र होता. त्यात ठिकठिकाणी उथळ चौथरे वाढत होते. वरचा माथा सपाट, पाण्याच्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ, कडा उताराच्या, आणि मधे शेकडो मीटर खोल समुद्रतळ. श्लेर्न, रोझेनगार्टन, लातेमार हे आजचे डोंगर म्हणजे असे वेगवेगळे चौथरे. श्लेर्नला इटालियनमध्ये शिलियार म्हणतात आणि तिथल्या खडकाच्या शैलसमूहाला, म्हणजे एकत्र ओळखल्या जाणाऱ्या थरांच्या गटाला, शिलियार डोलोमाइट हेच नाव आहे.

प्रवाळभित्ती म्हटलं की डोळ्यांसमोर अंदमान किंवा लक्षद्वीपचे रंगीत प्रवाळ येतात. इथे ते चित्र बाजूला ठेवायला हवं. २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात सागरी जीवांच्या बहुसंख्य प्रजाती नष्ट झाल्या. जुने प्रवाळ संपले होते आणि आजच्या प्रवाळांचे पूर्वज नुकतेच उगवत होते. त्यामुळे या भित्तींचं बहुतेक बांधकाम सूक्ष्मजीवांच्या थरांनी, चुनकट स्पंजांनी आणि शैवालांनी केलं. पाण्यातून थेट साठलेल्या कॅल्साइटने मधल्या फटी भरल्या. प्रवाळ होते, पण दुय्यम. सूक्ष्मजीवांचा एक फायदा असा की ते भित्तीच्या उतारावरही चुना साठवत राहत, माथ्यावरच्या लख्ख प्रकाशावर अडून नसत.

इथे एक रास्त शंका येते. माथा उथळ पाण्यात वाढतो म्हणता, मग शेकडो मीटर जाडीचा थर कसा साचला? कारण समुद्रतळ खचत होता. तळ जितका खाली जाई, तितका चौथरा वर वाढे आणि माथा पृष्ठभागाजवळच राही. प्रशांत महासागरातल्या कंकणाकृती बेटांसाठी चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये मांडलेला विचार हाच. फर्डिनांड फॉन रिश्टहोफेन यांनी १८६० मध्ये तो श्लेर्नला लावून पाहिला आणि हा डोंगर भित्ती असल्याचं सुचवलं.

मधेच लाव्हा आला

हा भाग पुणेकरांना ओळखीचा वाटेल. चौथरे वाढत असतानाच, २३.८ कोटी वर्षांच्या आसपास, या समुद्रात ज्वालामुखींचा उद्रेक झाला. बेसाल्टच्या जातीचा गडद लाव्हा चौथऱ्यांमधल्या खोल भागांत ओतला गेला. पाण्यात थंड होताना त्याचे उशीच्या आकाराचे गोळे झाले. अशा लाव्ह्याला पिलो लाव्हा म्हणतात. लातेमारच्या पोटात लाव्ह्याच्या उभ्या भिंती घुसल्या. या भिंतींना डाइक म्हणतात आणि सह्याद्रीतही त्या जागोजागी दिसतात. काही चौथरे संपले. काहींवर उद्रेक शमल्यावर पुन्हा वाढ सुरू झाली.

आज आल्पे दि स्युसी नावाचं विस्तीर्ण हिरवं कुरण श्लेर्नच्या पायथ्याला पसरलेलं दिसतं. ते हिरवं आहे कारण त्याखाली ज्वालामुखीजन्य खडक आणि माती आहे, जी सहज झिजते आणि पाणी धरते. शेजारचा डोलोमाइट उघडा, फिकट आणि उभा. म्हणजे कुरण हा तेव्हाचा खोल समुद्रतळ आणि कडा ही तेव्हाची भित्ती. समुद्राचा तळ आणि त्यातून वर उठलेला चौथरा यांचा नकाशा इतका शाबूत राहिलेली ठिकाणं जगात फार थोडी आहेत. आफ्रिकेकडून आलेला भूभाग युरोपला धडकून आल्प्स उभे राहिले, तेव्हा हे जाड, ताठ चौथरे फारसे चुरगळले नाहीत. तुटून, सरकून, जसेच्या तसे वर उचलले गेले.

खडकाचा दुसरा जन्म

आता मुख्य बदल. चुनखडकाच्या छिद्रांतून मॅग्नेशियम असलेलं पाणी फिरतं, कॅल्साइट विरघळतं आणि त्याच जागी डोलोमाइटचे स्फटिक बसतात. काही कॅल्शियम पाण्याबरोबर बाहेर जातं. याला डोलोमाइटीकरण म्हणतात.

हे काम किती पाणी मागतं, ते हिशेबाने पाहू. एक घनमीटर भरीव कॅल्साइटचं वजन २,७१० किलो. त्याचा पूर्ण डोलोमाइट करायला सुमारे ३३० किलो मॅग्नेशियम लागतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात मॅग्नेशियम असतं जेमतेम १.३ ग्रॅम. म्हणजे पाण्यातला मॅग्नेशियमचा कण न् कण वापरला गेला असं धरलं, तरी अडीच लाख लिटर पाणी हवं. पुण्यात सोसायटीत येणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरचे हे २५ टँकर, आणि तेही एका घनमीटरसाठी. प्रत्यक्षात प्रत्येक लिटरमधलं थोडंच मॅग्नेशियम वापरलं जातं, त्यामुळे आकडा कित्येक पटींनी वाढतो. एवढा मोठा डोंगर बदलायचा तर पाणी सतत फिरवत ठेवणारी काही यंत्रणा हवी. नुसतं मॅग्नेशियम असून भागत नाही. डोलोमाइटबद्दलच्या बहुतेक ढोबळ वर्णनांत नेमका हाच मुद्दा सुटतो.

पाणी फिरवण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. उथळ खाजणात उन्हाने पाणी आटतं, जिप्सम साठून कॅल्शियम कमी होतं, उरलेलं खारं पाणी जड होऊन खालच्या चुनखडकात झिरपतं. दुसरा मार्ग उष्णतेचा. लातेमारमध्ये डाइकांच्या आणि भेगांच्या आजूबाजूला डोलोमाइट आहे, तर दूर गेल्यावर मूळ चुनखडक शिल्लक आहे. गरम झालेलं समुद्राचं पाणी भेगांतून वर चढलं आणि वाटेतला खडक बदलत गेलं, हे तिथे जमिनीवरच वाचता येतं. तिसरा मार्ग म्हणजे खोल गाडल्या गेलेल्या गाळातून दाबाने पिळून निघालेलं पाणी. एकाच डोंगररांगेत हे वेगवेगळ्या काळी घडू शकतं, म्हणून एका सिद्धांताने सगळा प्रदेश समजावू पाहणाऱ्यांपासून सावध राहावं.

बदलात खडक आकसतो का? कागदावर, हो. दोन रेणू कॅल्साइटच्या जागी एक रेणू डोलोमाइट बसला तर आकारमान सुमारे १३ टक्क्यांनी घटतं, आणि तेवढी जागा छिद्रांच्या रूपात मोकळी व्हायला हवी. पण हा हिशेब फक्त मॅग्नेशियम आत आलं आणि कॅल्शियम बाहेर गेलं असं गृहीत धरतो. पाण्याबरोबर जादा कार्बोनेटही आलं तर नवे स्फटिक वाढतच राहतात आणि छिद्रं बुजतात. त्यामुळे डोलोमाइट म्हणजे सच्छिद्र, असं सरसकट म्हणता येत नाही.

समुद्रात मॅग्नेशियम भरपूर आहे, मग आज डोलोमाइट का साठत नाही?

या प्रश्नाला भूविज्ञानात डोलोमाइटचं कोडंच म्हणतात. आजच्या समुद्रात अणुसंख्येने पाहिलं तर कॅल्शियमच्या पाचपट मॅग्नेशियम आहे. रसायनशास्त्राच्या हिशेबाने डोलोमाइट आपोआप साठायला हवा. तो सहसा साठत नाही. अमेरिकेतील लिंटन लँड यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गरजेपेक्षा हजारपट संपृक्त द्रावण २५ अंश सेल्सियसला ३२ वर्षं ठेवलं होतं. डोलोमाइट तयार झाला नाही.

एक अडचण अशी की पाण्यात मॅग्नेशियमच्या प्रत्येक अणूला पाण्याचे सहा रेणू घट्ट बिलगून असतात. ते सुटल्याशिवाय तो स्फटिकात बसत नाही. दुसरी अडचण शिस्तीची. वाढत्या पृष्ठभागावर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कसेही येऊन बसतात. चुकीच्या जागी बसलेल्या अणूंवर पुढचा नीट थर चढत नाही आणि वाढ ठप्प होते.

यावर २०२३ मध्ये मिशिगन आणि होक्काइदो विद्यापीठांच्या संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात एक उत्तर मांडलं. चुकीचे बसलेले अणू बरोबर बसलेल्यांपेक्षा कमी स्थिर असतात, त्यामुळे पाणी जरा पातळ झालं की तेच आधी विरघळतात. विणताना टाका चुकला तर तेवढंच उसवून पुन्हा घालतात, तसं. पाणी आळीपाळीने संपृक्त आणि पातळ होत राहिलं तर चुका धुऊन जातात आणि नीट थर चढत जातात. त्यांनी सुमारे ८० अंश तापमानाच्या द्रावणात डोलोमाइटचा बारीक स्फटिक ठेवला आणि दोन तासांत त्यावर इलेक्ट्रॉन किरणांचे ४,००० झोत मारले. झोतामुळे पाण्यात तात्पुरतं आम्ल तयार होई आणि चुकलेले अणू विरघळत. सुमारे ३०० थर वाढले. याआधी प्रयोगशाळेत पाचहून अधिक थर चढवता आले नव्हते.

कुणी म्हणेल, समुद्र काही ८० अंशांना नसतो. बरोबर आहे, पण निसर्गाकडे दोन तासांऐवजी लाखो वर्षं असतात. आणि आज डोलोमाइट जिथे थोडाफार साठताना सापडतो ती ठिकाणं पाहिली तर भरती-ओहोटी, पाऊस आणि बाष्पीभवन यांनी पाण्याचा खारेपणा सतत बदलत राहणारी आहेत: अबू धाबीचे किनारी खारपट्टे, दक्षिण ऑस्ट्रेलियातली कूरोंगची तळी. ब्राझीलच्या लागोआ व्हर्मेल्या खाजणात सल्फेटवर जगणारे जिवाणू डोलोमाइट साठायला मदत करतात, हे १९९५ मध्ये दाखवलं गेलं. या गोष्टी एकमेकींना खोडून काढत नाहीत.

जीवाश्म पुसले गेले, तर भित्ती होती हे कशावरून?

हा सगळ्यांत महत्त्वाचा आक्षेप आहे आणि तो एकोणिसाव्या शतकातही घेतला गेला. नवे स्फटिक वाढताना शिंपले, स्पंज, शैवालांचे थर यांची बारीक नक्षी मोडते. खडकाचा पातळ काप, ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बऱ्याचदा फक्त एकमेकांत गुंतलेले तिरकस चौकोनी स्फटिक दिसतात.

पण डोंगराचा आकार शाबूत आहे. रोझेनगार्टनच्या कड्यात थर ३० ते ३५ अंशांनी कललेले दिसतात. हा कल भूकंपाने आलेला नाही, कारण त्यांच्यावरचे माथ्याचे थर आडवे आहेत. भित्तीच्या कडेवरून सुटलेला चुना उतारावर घसरून थांबला, त्याचा हा मूळ उतार. अल्फोन्सो बोसेलिनी यांनी १९८४ मध्ये अशा तिरक्या थरांवरून चौथरे बाजूला कसे पसरत गेले ते मांडलं.

मग सिपित शिळा. भित्तीच्या कडेवरून तुटलेले मोठाले ठोकळे खोल पाण्यात गडगडले आणि चिखल व ज्वालामुखीजन्य गाळात रुतले. गाळाने पाण्याची वाट अडवली, म्हणून त्यांचं डोलोमाइटीकरण झालं नाही. आल्पे दि स्युसी परिसरात मिळणाऱ्या या शिळांत मूळ चुनखडक आणि त्यातले जीव इतके स्पष्ट दिसतात की भित्ती कोणी बांधली हे मुख्यतः त्यांच्यावरूनच कळलं. आणि गंमत म्हणजे डोलोमाइट्समधलं सर्वांत उंच शिखर, ३,३४३ मीटरचं मार्मोलादा, स्वतः डोलोमाइटचं नाही. ते त्याच काळातल्या चौथऱ्याच्या चुनखडकाचं आहे. शेजारचा न बदललेला भाऊ असल्यामुळे बदललेल्यांशी त्याची तुलना करता येते.

सगळेच कडे भित्तीचे नाहीत

फोटोंत सर्वांत जास्त दिसणारे त्रे चिमे दि लावारेदो हे तीन सुळके भित्तीचे नाहीत. ते दोलोमिया प्रिंचिपाले या नंतरच्या शैलसमूहाचे आहेत. तो भरती-ओहोटीच्या विस्तीर्ण सपाट खाजणांत साचला आणि त्याच शैलसमूहात पेल्मो डोंगरापाशी डायनोसॉरच्या पावलांचे ठसे सापडले. सेल्ला डोंगरात दोन्ही प्रकार एकावर एक दिसतात: खाली चौथऱ्याचा उभा कडा, वर खाजणाचे आडवे थर आणि मधे डोंगराला वेढणारी कंगोऱ्यासारखी पायरी. ही पायरी मऊ, गाळमिश्रित थराची. सह्याद्रीच्या कड्यांतल्या पायऱ्याही अशाच, दोन कठीण थरांमधला मऊ थर आधी झिजल्याने होतात. पण तिथे लाव्ह्याचे थर आहेत आणि त्यांचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं.

हे कळून काय उपयोग?

गाडल्या गेलेल्या अशा भित्ती तेलाचे साठे असू शकतात. कॅनडात अल्बर्टामध्ये १३ फेब्रुवारी १९४७ ला लेडक इथल्या विहिरीला तेल लागलं आणि त्यानंतर तिथे ट्रायासिकच्याही आधीच्या डेव्होनियन काळातल्या, डोलोमाइट झालेल्या भित्तींचा शोध सुरू झाला. खोल दाबाखाली डोलोमाइट चुनखडकापेक्षा आपली छिद्रं जास्त टिकवून धरतो, त्यामुळे भूमिगत पाणी, तेल किंवा जमिनीत साठवायचा कार्बन डायऑक्साइड कुठे राहील हे ठरवताना खडक कुठवर बदलला आहे हे माहीत असावं लागतं.

महाराष्ट्रातही डोलोमाइट आहे, पण पुण्यापासून दूर: चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोली. तो प्राण्यांच्या उदयाच्याही आधीचा असल्याने त्यात प्रवाळांचा प्रश्नच येत नाही. पुण्यात तो आपल्या हाती येतो तो बागेसाठीच्या पांढऱ्या भुकटीच्या रूपात. इथे एक सावधगिरी. ही भुकटी आम्लधर्मी जमिनीचा सामू वाढवते आणि मॅग्नेशियम देते. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीला ती उपयोगी. पुणे परिसरातली काळी माती मुळातच अल्कधर्मी आणि चुनखडीयुक्त असते. तिथे ती टाकून सामू आणखी चढवण्यात अर्थ नाही. आधी माती तपासा.

दगड हातात आला तर

ताजा तुकडा फोडा. बाहेरची साल वापरू नका, कारण तिच्यावर नंतर साठलेला चुना असतो आणि तो फसफसून फसवतो. साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल हवं: एक भाग तीव्र आम्ल तीन भाग पाण्यात, पाण्यात आम्ल, उलट कधीच नाही, चष्मा आणि हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. एक थेंब टाका आणि दहापट भिंगातून पाहा. जोरात फेस आला तर कॅल्साइट. सावकाश, बारीक बुडबुडे आले किंवा काहीच झालं नाही, तर पृष्ठभाग चाकूने खरवडून भुकटीवर थेंब टाका. आता फसफसलं तर डोलोमाइटची शक्यता. भुकटीवरही काहीच नाही आणि चाकूचा ओरखडाही उठत नाही, तर ती गारगोटी असेल. पांढऱ्या शिरा टाळा, त्या बहुधा कॅल्साइटच्या असतात आणि संपूर्ण दगडाचा निकाल बिघडवतात.

सरावासाठी पुण्याजवळच्या खाणींतल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळणारं कॅल्साइट उत्तम. त्याच पोकळ्यांत शेजारी मिळणाऱ्या झिओलाइट या दुसऱ्या खनिजावर तोच थेंब फसफसत नाही. पक्की खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेत दगडाचा कापलेला पृष्ठभाग सौम्य आम्लातल्या अलिझरिन रेड एस या रंगात बुडवतात: कॅल्साइट लाल होतं, डोलोमाइट बिनरंगी राहतो, आणि अर्धवट बदललेल्या दगडात दोन्हींची सीमा रेषेसारखी उमटते.